एकही मागे राहू नका

१

माझी आई जन्मभर एकाच जागी बसत आली. आम्ही आईला इना म्हणतो. चुलीच्या डाव्या अंगाला, पूर्वेच्या भिंतीला पाठ लावून, तोंड दाराकडे. तिच्या पाठीनं घासून घासून तिथल्या पाइनच्या फळ्या गुळगुळीत झाल्या आहेत. तिथूनच ती रताळ्याचे वेल चिरते, डुकराचं खाणं उकडायला ठेवते, कॉफीचं भांडं उतरवते आणि दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला कुठे चाललास म्हणून विचारते. उखळही तिथेच, दोन पावलांवर. खाली बोंतोक गावच्या बाजारात गिरणी आली त्याला कितीतरी वर्षं झाली, पण इना आपल्यापुरता भात घरीच कांडते. गिरणीचा तांदूळ दुसऱ्यानं चावून दिल्यासारखा लागतो, असं तिचं म्हणणं.

बागियो शहरातल्या वर्तमानपत्रातून निवृत्त झाल्यावर मी तिच्याकडे राहायला आले, तेव्हापासून माझी सकाळ मुसळाच्या आवाजानं होते. त्या सकाळीही तशीच झाली. आम्ही अमेरिकेहून परतून थोडेच दिवस झाले होते. मी माडीवरून खाली आले तर इना भिंतीकडे तोंड करून कांडत होती.

मला वाटलं, प्रवासानं अंग आखडलं असेल. पण कांडण झालं, ती बसली, तीही तशीच. दाराकडे पाठ, भिंतीकडे तोंड.

‘‘इना, अशी काय बसलीस? मास्तरांनी शिक्षा केल्यासारखी?’’

‘‘असू दे.’’

‘‘भिंतीत काय बघतेस?’’

‘‘मी नाही बघत,’’ ती म्हणाली. मग केसांतली मण्यांची माळ तिनं नीट बसवली, मांडीवरचा कोंडा झटकला. ‘‘पाठ करून बसलं तर बरं नाही दिसत.’’

‘‘कुणाला?’’

मान न वळवता तिनं कॉफीचा मग माझ्याकडे सरकवला.

त्या भिंतीला खिडकी नाही. तिच्यावर साधं कॅलेंडरही टांगलेलं नाही. आणि तिच्या पलीकडे उभं राहायला जागा नाही. सरळ खाली भातखाचरांची दगडी ताल, पुरुषभर उंच बांधाची, तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली नदी.

२

आम्ही कशाला गेलो होतो ते आधी सांगायला हवं.

इनाच्या आईची थोरली बहीण तोंगाय. कोवळी पोर. आमच्या बेटांवर अमेरिकनांचं राज्य नवं होतं तेव्हा एक साहेब आला आणि गावातली काही माणसं बोटीवर घालून घेऊन गेला. तिकडच्या एका शहरात मोठं प्रदर्शन भरलं होतं. यंत्रं होती, दिवे होते, हत्ती होते, आणि कुंपणाच्या आत आम्ही होतो. आमच्यासारखी घरं बांधायला लावली, त्या घरांपुढे बसायला लावलं. आमच्याकडे कुत्रं कापतात ते ठरावीक विधीला, तेही जड मनानं. गर्दीला ते रोज हवं होतं, म्हणून रोज कापायला लावलं. तिकीट काढून लोक यायचे, शेंगदाणे खात बघायचे. आम्ही जेवतो कसे, झोपतो कसे, मुलाला अंगावर पाजतो कसे. त्या शहराचं नाव मी लिहिणार नाही. त्याची जाहिरात त्या वेळी पुरेशी झाली.

तोंगायला भात कांडायला उभं केलं होतं. मुसळ तिच्याहून उंच. हिवाळ्यात तिला खोकला झाला, आणि ती तिथेच गेली.

माणसं मरतात. आमच्या घराला जे सललं ते वेगळंच होतं. आमच्यात कुठूनही निघताना हाक मारायची असते. शेतातून, नदीवरून, दवाखान्यातून, अगदी बागियोच्या मॉलमधूनसुद्धा. आपलं नाव घ्यायचं, सोबतच्यांची नावं घ्यायची, आणि म्हणायचं, चल, निघालो आपण, मागे राहू नको. शरीर चालायला लागतं, पण जीव रेंगाळतो. त्याला सांगावं लागतं. माझ्या ऑफिसातली पोरं हसायची, पण रात्रपाळी संपली की मी जिन्यात उभी राहून हळूच म्हणायचे, ब्रिजिदा, चल गं.

तोंगायला कुणी हाक मारली नाही. परतायच्या दिवशी साहेबानं सगळ्यांना पहाटेच गाडीत कोंबलं होतं. माझी आजी नदीच्या उतारावर जाऊन बसायची, म्हातारी होईपर्यंत. मरताना इनाला म्हणाली, ती अजून तिथेच उभी आहे.

आता इना थकली होती. ‘‘ब्रिजी, माझ्याआधी ती घरी यायला हवी,’’ ती म्हणायची. ‘‘वर गेल्यावर आईला काय सांगू?’’

मग मी माझं शस्त्र काढलं. लेख लिहिले, दूतावासात भांडले, एका अधिकाऱ्याला त्याच्याच साहेबासमोर झापलं. शेवटी व्हिसा मिळाले. मी, इना, आणि विधीसाठी गावातले जाणते फायांग, ज्यांना वडीलधारे म्हणून सगळे आमा म्हणतात, दात नसलेले आणि जिभेला हाड नसलेले.

३

ती जागा आता साधी बाग आहे. हिरवळ, बाकं, पलीकडे विटांच्या घरांची रांग. दुपारचं ऊन होतं. एक बाई कुत्र्याला फिरवत होती आणि कुत्र्याची घाण पिशवीत भरून घेत होती.

‘‘बघ गं पेपरवाली,’’ आमा फायांग म्हणाले, ‘‘आपल्याला कुत्रेखाऊ म्हणून दाखवलं, आणि ही काय करते बघ.’’

‘‘आमा, हळू.’’

‘‘हिला काय कळतंय?’’

जिवंत कोंबडी मिळाली नव्हती. दुकानातली गोठवलेली आणली होती. ती गवतावर दगडासारखी पडली. इना घाबरली, हे चालेल का म्हणाली. ‘‘मी विमानातलं जेवण खाल्लं,’’ आमा म्हणाले, ‘‘पितरांनीही थोडं चालवून घ्यावं.’’ मग त्यांनी प्लास्टिकच्या बाटलीतली तांदळाची दारू जमिनीवर ओतली आणि चेहरा बदलून तोंगायला हाक मारली. इनानं हाक मारली. ज्या मावशीला तिनं कधी पाहिलं नव्हतं तिला ती लहान मुलीला बोलावतात तशी बोलवत होती. चल गं बाळ, अंधार होईल, भात झालाय.

मी रडले नाही. माझ्या मस्तकात तिडीक गेली. तिथे नुसती तोंगाय नव्हती. आणखी माणसं मेली होती, ज्यांची नावं साहेबानं लिहायची तसदी घेतली नव्हती. शेजारच्या कुंपणात दुसऱ्या बेटांवरची, दुसऱ्या खंडांतली माणसं होती. त्यांना कोण बोलावणार? मी पुढे झाले आणि मोर्चात ओरडते तशी ओरडले.

‘‘चला! इथे होतात ते सगळे चला! एकही मागे राहू नका!’’

आमा फायांग झटकन वळले. ‘‘नावानं बोलाव, ब्रिजी. नावानं.’’

‘‘ज्यांची नावंच राहिली नाहीत त्यांनी काय करायचं, आमा?’’

बाटलीत उरलेलं त्यांनी घाईघाईनं ओतून टाकलं.

आम्ही निघालो तेव्हा मागे टाळ्या वाजल्या. खूप माणसांच्या, पण दुरून आल्यासारख्या. पलीकडच्या मैदानावर सामना चालू असणार, असं मी धरून चालले. वळून पाहिलं नाही. आमच्यात हाक मारल्यावर वळून बघत नाहीत.

४

मी बातमीदार आहे. दोन साक्षीदार मिळाल्याशिवाय मी ओळ छापली नाही, आणि त्यापायी संपादकांशी भांडले आहे. म्हणून इनाचं हे बसणं मी आधी वयावर ढकललं. मग विमानात कानांवर पडलेल्या दाबावर.

पण आता मलाही ऐकू यायला लागलं होतं.

मुसळ चालू असलं की काही नसायचं. मुसळ थांबलं की भिंतीपलीकडे पाय सरकायचे. बुटांचे पाय, लाकडी फळ्यांवर. बराच वेळ उभं राहिलेलं माणूस एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकतं, तसे. मग कुणीतरी खाकरायचं. मग कुजबुज. इनानं मुसळ उचललं की सगळं गप्प.

मी घराला वळसा घालून तालीच्या कडेपर्यंत गेले, फळीला धरून वाकून पाहिलं. खाली कोवळी रोपं, पाणी, पाण्यात ढग. घुशी असतील. वाऱ्यानं पत्रा वाजत असेल. पत्रा खाकरत नाही हे मला कळत होतं, तरी मी खिळे आणून पत्रा ठोकला.

शेजारी माझी भावजय नोर्मा राहते. ती दुपारी भाजी घेऊन आली आणि दारातच थबकली.

‘‘मानांग, शेंगदाणे भाजताय?’’ मोठ्या बहिणीला म्हणावं तसं ती मला मानांग म्हणते.

‘‘नाही गं.’’

‘‘मग वास कसला? आणि सिगारचाही. कुणी साहेब येऊन गेला का? या वयात?’’ ती हसली. मग तिनं इनाकडे पाहिलं आणि तिचं हसू गेलं. इना कांडत होती. उखळात कोंडासुद्धा उरला नव्हता. नुसतं लाकडावर लाकूड.

‘‘इना, पुरे,’’ मी म्हटलं.

‘‘थांबले की ते चुळबूळ करतात,’’ इना म्हणाली.

तिच्या दंडावर मला निळसर-हिरवे डाग दिसले. जोडीजोडीनं, चिमट्यात धरल्यासारखे. मी हात लावला तर तिनं तो ओढून घेतला.

‘‘कुणी केलं हे?’’

‘‘रंग निघतो का बघतात.’’ तिच्या आवाजात तक्रार नव्हती, त्यानंच मी हबकले. ‘‘मुलं आहेत गं. मुलं असंच करतात.’’

नोर्मानं माझा हात घट्ट धरला. दुसरा साक्षीदार मला मिळाला होता, आणि बातमी मला छापायची नव्हती.

‘‘इना,’’ मी हळू विचारलं, ‘‘तोंगाय आली का?’’

‘‘आली ना.’’ तिनं हनुवटीनं चुलीकडे खूण केली. ‘‘चुलीमागे बसलीय, राखेत. खा म्हटलं तर खात नाही. घास उचलते, त्यांच्याकडे बघते, आणि परत ठेवते.’’

इनाच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती मुसळ उचलत होती.

‘‘मी कांडते तेवढा वेळ ते माझ्याकडे बघतात, ब्रिजी. तेवढा वेळ पोरीला सोडतात.’’

५

आमा फायांगना बोलावलं. ते उंबऱ्यावर उभे राहिले, आत आले नाहीत. हातातली टोपी फिरवत राहिले.

‘‘बसा ना, आमा.’’

‘‘जागा कुठाय?’’

घरात इना आणि मी, दोघीच होतो.

‘‘तू त्या बागेत कुणाला बोलावलंस?’’ त्यांनी विचारलं.

‘‘आपल्या माणसांना. आणखी कुणाला?’’

‘‘तू म्हणालीस, इथे होतात ते सगळे. कुंपणाच्या आत होती मूठभर माणसं. आणि बाहेर?’’

मी वाद घालायला तोंड उघडलं. वाद घालण्यावरच माझं पोट चाललं होतं. ‘‘ते त्यांच्याच गावात होते, आमा. बघून घरी गेले असतील. जेवून झोपले असतील.’’

‘‘घरी गेले. पण इतकं टक लावून बघितलं की त्यांचे जीव तेवढे तिथेच राहिले. आपल्यासारखी हाक मारायची रीत त्यांच्यात नाही. तिथेच उभे होते बिचारे. आणि तू बोलावलंस.’’

‘‘बिचारे?’’ माझा आवाज चढला. ‘‘तुम्ही त्यांना बिचारे म्हणता?’’

‘‘बरं, नाही म्हणत. तू म्हणशील ते म्हणतो. म्हणून काय ते जाणार आहेत?’’

‘‘मग घालवा त्यांना. डुक्कर देते.’’

‘‘डुक्कर आपल्या माणसांना कळतं. यांना जायचं तर त्यांच्या माणसानं हाक मारायला हवी. नावानं. तुझ्याकडे त्यांची नावं आहेत?’’

माझ्याकडे नव्हती. आमची नावं त्यांनी लिहिली नव्हती, आणि त्यांची मी कधी विचारली नव्हती. तरी मी तिकडच्या एका संपादकाला फोन लावला. सगळं सांगितलं. तुमचे पणजोबा, पणज्या माझ्या आईच्या घरात आहेत, तुमच्या वाचकांना सांगा, त्या बागेत जाऊन आपापल्या घराण्याची नावं घ्या. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, किती सुंदर प्रतीक आहे हे. मी फोन आपटला.

आमा जायला निघाले तेव्हा इनानं त्यांना हाक मारली. भिंतीवरून नजर न काढता.

‘‘फायांग, मला खुर्चीत बसवाल तेव्हा काय करायचं?’’

आमांनी टोपी डोक्यावर घातली आणि पुन्हा काढली. आमच्यात माणूस गेलं की त्याला लाकडी खुर्चीत बसवतात, दर्शनी जागी, विणलेलं वस्त्र नेसवून. दिवसचे दिवस माणसं येतात, त्याच्याशी बोलतात, गातात, भांडतातसुद्धा. खुर्ची मिळाली नाही तर मेल्यावरही माणूस उपरं राहतं.

‘‘मी हलू शकणार नाही तेव्हा,’’ इना म्हणाली. ‘‘तोंडावरची माशीसुद्धा उडवता येणार नाही. आणि ते बघत बसतील. पोट भरेपर्यंत.’’

६

इना पावसाळ्याच्या शेवटी गेली. दुपारी, कांडता कांडता. मुसळ खाली पडल्याचा आवाज आला आणि त्याच्यामागून, भिंतीपलीकडून, एक लांब ‘ओऽ’. जत्रेत फुगा फुटल्यावर निघतो तसा. त्या आवाजासाठी मी त्यांना कधी माफ करणार नाही.

खुर्ची आली. गावात कुजबुज होतीच, पण एकही माणूस मागे हटलं नाही. आमा फायांगनी खुर्ची स्वतः धरली आणि दाराकडे तोंड करून ठेवली, पूर्वेच्या भिंतीकडे पाठ. इनाची जुनी बसायची दिशा. मग त्यांनी सगळ्यांना सांगितलं, आज तिच्यासमोर बसू नका. तिच्यामागे बसा.

पहिली नोर्मा बसली. मग तिचे भाऊ, मग वरच्या आळीतल्या म्हाताऱ्या आपल्या पाइपांसकट, मग शेतावरून आलेली माणसं चिखलाच्या पायांनी. भिंतीला पाठी लावून, खांद्याला खांदा चिकटवून, एका रांगेमागे दुसरी. जागा पुरेना तेव्हा पोरं मोठ्यांच्या खांद्यांवर चढली. कुणीतरी घोंगड्या पसरून वर धरल्या. भिंतीची फळी दिसेनाशी झाली.

‘‘सरक की, जाडे!’’

‘‘मी जाडी म्हणूनच तर भोक बुजतंय!’’

लोक हसले. मग गाणं सुरू झालं, म्हाताऱ्यांचं, इनाचं नाव घेऊन एकानं म्हणायचं आणि सगळ्यांनी उचलायचं. लिचाव, तू आम्हाला कडू कॉफी पाजलीस. लिचाव, तुझं डुक्कर आमच्या रताळ्यांत शिरलं. ते दिवसभर गात होते.

मी शेवटच्या रांगेत होते, माझी पाठ थेट फळीला. पलीकडून ढकलाढकली चालली होती. टाचा उंचावल्याचा आवाज, काठीनं फळीवर टकटक. मानेवर श्वास लागत होता, शेंगदाण्याचा वास असलेला. आणि एकदा, फटीतून, माझ्या खांद्यावरून काहीतरी पुढे आलं. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं, एकदाच. लहान हात. पांढरा हातमोजा, मनगटाशी मोत्याची गुंडी. दोन बोटं चिमट्यासारखी उघडलेली.

मी सरळ बसले. मी गात राहिले.

त्याच सुमारास माझ्या मांडीवर वजन आलं. फार नाही, भिजलेल्या पोत्याएवढं. राखेचा वास आला. एक छोटं डोकं माझ्या पोटाशी टेकलं आणि हळूहळू जड झालं, मुलं गाढ झोपली की होतं तसं. मी खाली पाहिलं नाही. लोकांनी तिला पुष्कळ बघितलं होतं.

पुरून परतताना मी नावं घेतली, एकेक करून. लिचाव, तुझ्या आईकडे जा. तोंगाय, तिचं बोट धर, मागे राहू नको. ब्रिजिदा, चल गं.

७

चुलीमागची राख आता नुसती राख आहे. तेवढं झालं.

नोर्मा म्हणते, मानांग, माझ्याकडे राहा, हे घर जाळून टाकू. पण जाळलं तर ते उघड्यावर येतील, आणि खाली साऱ्या गावाची घरं आहेत. मी राहिले. इनाच्या जागी बसते, फळ्यांना पाठ लावून, तोंड दाराकडे. कांडत नाही. टाइप करते. बोटं चालू असली की ते गप्प असतात, थांबली की चुळबूळ. हेही त्यांच्या शांततेत लिहिलंय.

परवा दुपारी मी मजकूर अर्ध्यात सोडला. भिंतीपलीकडे एक मूल मुसमुसत होतं. बऱ्याच वेळापासून, बोटं चालू असतानाही. इंग्रजीत म्हणत होतं, पाय दुखतात, घरी जाऊ या ना. त्याला कुणी उत्तर देत नव्हतं. मला तो हातमोजा आठवला, आणि इनाचा दंड आठवला, आणि तिचं ‘मुलं आहेत गं’.

माझा राग जन्मभराचा आहे. तो मी टाकला नाही. पण आमा म्हणाले होते, नाव हवं. शंभराहून जास्त वर्षं तिथे उभ्या असलेल्या त्या पोराला कुणी नाव विचारलंय का, असं माझ्या मनात आलं. एक नाव मिळालं तर त्याचं घराणं शोधून एकाला तरी पाठवता येईल. मग दुसऱ्याला विचारता येईल. प्रश्न विचारणं हेच तर मी आयुष्यभर केलं.

मी उठले. पहिल्यांदाच भिंतीकडे तोंड केलं. मुसमुसणं थांबलं. सगळंच थांबलं.

‘‘बाळ,’’ मी त्यांच्या भाषेत विचारलं, ‘‘तुझं नाव काय? सांग. मी तुला घरी पाठवते.’’

फळ्यांच्या फटी एकेक करून काळ्या झाल्या. कुणीतरी, खूप जण, पलीकडून जवळ आले होते. मी थांबले. मला खरंच वाटलं, उत्तर येतंय.

‘‘आई,’’ ते मूल आनंदानं ओरडलं, ‘‘ही बोलते!’’

आणि टाळ्या पडल्या.